विमुक्त, पण कशातून?

२१ नोव्हेंबर १९६१ ही तारीख दिग्रस तालुक्यातल्या तांड्यांवर चांगली ओळखीची आहे. बंजारा मुलाची जात पडताळणी करायची, तर वाडवडिलांची जात दाखवणारा त्या तारखेच्या आधीचा कागद लागतो. शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरातला उतारा चालतो, कोतवाल बुकाची नक्कल चालते, एखादे जुने खरेदीखतही चालते. कागद जुळले की दाखल्यावर जातीच्या नावाबरोबर प्रवर्ग येतो : 'विमुक्त जाती (अ)'. बोलताना एवढे लांब कोणी म्हणत नाही. कॉलेजच्या खिडकीवर 'व्हीजे' म्हटले की भागते.

विमुक्त म्हणजे सुटलेला. सुटलेला म्हटले की आधी बांधलेला असणार, आणि बांधलेला म्हटले की बांधणारा कोण, तारीख कोणती, कागद कोणता, हे प्रश्न आलेच. दिग्रसच्या आसपासच्या तांड्यांपुरते हे प्रश्न विचारून पाहण्यासारखे आहेत. 'इंग्रजांचा गुन्हेगार जमाती कायदा' हे नेहमीचे उत्तर चुकीचे नाही, पण वऱ्हाडात ते पुरे पडत नाही. का पुरे पडत नाही, हे पाहायचे तर कागद एकेक करून उलगडावे लागतात. कायद्याचा कागद, पोलिसाचे पुस्तक आणि समाजाची आठवण यांचे वजन सारखे नसते, हेही पदोपदी ध्यानात ठेवावे लागते.

शब्दाचे सरकारी आयुष्य विसाव्या शतकातले. त्याआधी तो पोथीतला. कठोपनिषदात 'विमुक्त' येतो, भगवद्गीतेच्या नवव्या आणि पंधराव्या अध्यायांतही येतो. तिथे सुटका आहे ती कर्मबंधनातून, सुखदुःखाच्या द्वंद्वातून. गुराख्याने गुरे सोडली तर ती 'मोकळी' होतात, राखण नसलेली 'मोकाट' होतात, कैदी 'सुटतो'. बाजारहाटाच्या मराठीत 'विमुक्त'ला काम नव्हते. तेव्हा हा शब्द दिग्रसच्या दाखल्यावर आला तो लोकांच्या तोंडून नव्हे, हे बऱ्यापैकी खात्रीने म्हणता येते. कोणी तरी लिहिणाऱ्याने तो निवडला.

आता तांड्याकडे वळू. बंधनाचा शोध घेताना आधी मोकळेपणाचा पुरावा पाहावा लागतो. तो भरपूर आहे. इंग्रज प्रवासी पीटर मंडी याला १६३२ साली उत्तर हिंदुस्थानात वाटेवर बंजाऱ्यांचा एक तांडा भेटला; त्याने बैलांची संख्या नोंदवली ती १४,०००, सगळ्यांवर धान्य लादलेले. आकडा डोळ्यांच्या अंदाजाचा असणार. रस्त्याच्या कडेला उभे राहून चौदा हजार बैल कोणी मोजत नाही. पण एवढा मोठा काफिला कोणाच्या परवान्याखेरीज मुलूखभर फिरत होता, ही गोष्ट आकडा निम्मा केला तरी टिकते. तांड्यावर या व्यापाराला 'लदेणी' म्हणतात.

दुसरा पुरावा जास्त मोहात पाडणारा, म्हणून जास्त सावधपणे हाताळायचा. भंगी आणि झंगी या दोन नायकांना मोगल सरदार आसफखानाने तांब्याच्या पत्र्यावर सोन्याच्या अक्षरांत सवलती कोरून दिल्या, असे सांगितले जाते. रांजणातले पाणी घ्या, छपराचे गवत बैलांना घाला, दिवसाला तीन खून माफ. जिथे आसफाचे घोडे तिथे या नायकांचे बैल. सनद म्हणून पाहिली तर बंधनातून सुटकेचा यापेक्षा उघड कागद सापडणार नाही. ही हकीकत वऱ्हाड पोलिसांतला अधिकारी कंबरलेज याने लिहून ठेवली. त्याच्या मते हे नायक शहाजहानच्या फौजेबरोबर १६३० च्या सुमारास दख्खनेत उतरले, आणि पत्रा त्यांच्या वंशजांकडे हैदराबाद राज्यात होता.

यातले खात्रीचे किती? आसफखान होता आणि १६३१ साली त्याने विजापुरावर चाल केली, एवढे पक्के. मात्र 'आसफजाह' हा किताब पुढे पहिल्या निजामालाही होता, त्यामुळे नावावरून काळ ठरवणे धोक्याचे. सनदेची भाषाही दरबारी फार्सी नाही. ती यमक जुळवलेली हिंदुस्थानी आहे, तोंडी चालत आलेल्या म्हणीसारखी. माझा कल असा की पत्रा खरा असला तरी त्यावरचा मजकूर मुळात लोकांच्या तोंडचा असावा. हे अनुमान आहे, त्यापुढे नाही. लाडक्या माणसाला 'सात खून माफ' म्हणण्याची आपली रीत पाहिली की असली वाक्ये किती सहज रुजतात हे कळते. पण दंतकथाही पुरावाच असते, फक्त वेगळ्या गोष्टीचा. आपल्याला कोणी अडवत नव्हते, ही तांड्याची स्वतःविषयीची आठवण कंबरलेजच्या काळापर्यंत जिवंत होती, हे या पत्र्यावरून सिद्ध होते.

तिसरा पुरावा वऱ्हाडच्या मातीतला. १८०३ च्या मराठे-इंग्रज युद्धात आर्थर वेलस्लीची फौज असईहून निघून २९ नोव्हेंबरला अडगावला लढली आणि १५ डिसेंबरला गाविलगड घेतला. फौजेला धान्य पुरवणाऱ्या बंजाऱ्यांचा उल्लेख त्याच्या पत्रव्यवहारात पुन्हा पुन्हा येतो. त्यांच्यावाचून मोहीम चालत नाही, हे त्याला पुरते ठाऊक होते. म्हणजे १८०३ साली इंग्रज सेनापती ज्यांची वाट पाहत होता, त्यांच्याच विषयीचा पुढचा मोठा कागद पोलीस लिहितात. मधल्या ऐंशी वर्षांत काय झाले?

ढोबळ उत्तर माहीत आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाने इंग्रजांच्या हवाली केला. पक्के रस्ते झाले, आगगाडी १८६७ साली नागपूरला पोहोचली. पुढे मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद मापाची गाडी, आपली शकुंतला, दारव्ह्यावरून धावू लागली. दिग्रस त्या रुळांपासून दूर राहिले. पण कापूस आणि मीठ दारव्ह्यापर्यंत डब्यातून येऊ लागल्यावर बैलाच्या पाठीवरची लदेणी किती दिवस टिकणार? धंदा बुडाला आणि फिरणे मात्र उरले. धंद्यासाठी फिरणारा व्यापारी असतो. धंदा दिसेनासा झाला की तोच फिरणारा चौकीवरच्या जमादाराला संशयित वाटू लागतो. हे कारण कागदात असे सलग कुठे लिहिलेले नाही, पण तारखा शेजारी मांडल्या की जुळतात.

कागदांतून ते असे दिसते. आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर १८७० चे. कंबरलेजचा बंजाऱ्यांवरचा निबंध आधी १८६९ च्या सुमारास लिहिलेला मानतात, तो १८८२ साली पुन्हा छापला गेला. ई. जे. किट्स यांचा वऱ्हाडच्या १८८१ च्या शिरगणतीचा अहवाल आहे, त्यात मॅकेन्झी यांच्या बंजाऱ्यांवरील नोंदी आहेत. आणि १८८२ मध्येच मेजर गन्थॉर्प यांचे पुस्तक निघाले. त्याच्या नावाचा अर्थ असा, की मुंबई इलाखा, वऱ्हाड आणि मध्य प्रांत इथे राहणाऱ्या किंवा ये-जा करणाऱ्या गुन्हेगार जमातींविषयी टिपणे. गॅझेटियर, निबंध, शिरगणती, पोलीस-टिपणे या चार कागदांत सर्वांत घातक ठरले ते शेवटचे, कारण ते हाताळायला सोपे होते. ठाण्यात गॅझेटियर वाचायला कोणाला वेळ होता?

इथे एक गोम आहे, आणि ती सहज निसटते. गन्थॉर्प १८८२ साली वऱ्हाडच्या संदर्भात 'गुन्हेगार जमाती' हे शब्द मुखपृष्ठावर छापतात. पण १८७१ चा गुन्हेगार जमाती कायदा, त्या वर्षीचा सत्ताविसावा, सुरुवातीला लागू होता तो वायव्य प्रांत, अवध आणि पंजाब यांना. १८७६ साली तो बंगालपर्यंत पोहोचला. मुंबई आणि मद्रास इलाख्यांपर्यंत त्याचा हात पोहोचला तो १९११ च्या नव्या कायद्याने. म्हणजे वऱ्हाडात शिक्का आधी तयार झाला, कायदा नंतर आला. गन्थॉर्पच्या पुस्तकात एखाद्या जमातीचे नाव आहे, यावरून तिला कायद्याने बांधले होते असे म्हणता येत नाही. पुस्तक पोलिसाचे असते, अधिसूचना सरकारची असते. या दोहोंची गल्लत आजच्या लेखांतही सर्रास होते.

याच कायद्याच्या बाबतीतली दुसरी गल्लतही नोंदवून ठेवावी. सुताराचा मुलगा सुतार तसा गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार, अशा आशयाचे वाक्य विधेयक मांडणाऱ्या 'टी. व्ही. स्टीफन्स' यांच्या नावे छापले जाते. त्या वेळी व्हाइसरॉयच्या मंडळात विधी सदस्य होते जेम्स फिट्झजेम्स स्टीफन. नाव कुणा नकलनविसाच्या हातून बिघडले आणि पुढच्यांनी ते तसेच उतरवले, असे दिसते. किरकोळ वाटेल, पण एकाच चुकीच्या नावाने दहा पुस्तकांत तेच वाक्य येते, तेव्हा ती दहा साधने नसून एकच असते.

कायदा करीत काय होता? १९११ आणि १९२४ च्या रूपांत त्याचे यंत्र साधे आणि पक्के होते. प्रांतिक सरकारने राजपत्रात एखादी जमात, टोळी किंवा वर्ग 'गुन्हेगार' म्हणून जाहीर करायचा. मग जिल्हाधिकाऱ्याने तिच्या माणसांची यादी करायची, बोटांचे ठसे घ्यायचे, ठरलेल्या वेळी हजेरी लावायची, गाव सोडायचे तर आधी कळवायला लावायचे, हद्द आखून द्यायची. त्याहून कडक उपाय म्हणजे सेटलमेंट, तारेच्या कुंपणातली वसाहत. सोलापूरची वसाहत महाराष्ट्रात सर्वांत प्रसिद्ध. लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' या १९८७ च्या आत्मकथनानंतर चौकी, झडती, संशयाने धरपकड ही दुनिया मराठी वाचकाच्या घरात आली. अपराध सिद्ध झाल्यावर शिक्षा, हा नेहमीचा क्रम. इथे जन्माबरोबर हजेरी सुरू होत असे.

पण दिग्रससाठी यात एक वेगळी अडचण आहे. दिग्रस तेव्हा दारव्हा तालुक्यात होते. तालुका आधी वणी जिल्ह्यात, आणि १९०५ च्या फेररचनेत यवतमाळ जिल्ह्यात. वऱ्हाड १९०२ साली कायमच्या पट्ट्याने इंग्रजांकडे आला, १९०३ मध्ये मध्य प्रांताला जोडला गेला. तरी त्याची नाममात्र मालकी निजामाचीच होती. कायद्याच्या भाषेत तो 'ब्रिटिश हिंदुस्थान' नव्हता. म्हणून कलकत्त्याला किंवा दिल्लीला मंजूर झालेला कायदा इथे आपोआप लागू होत नसे. तो वऱ्हाडला लावल्याची वेगळी अधिसूचना लागे. याचा शोधकाच्या दृष्टीने अर्थ असा, की दारव्हा तालुक्यातला एखादा तांडा खरोखर हजेरीखाली होता हे दाखवायला एक नव्हे, दोन कागद लागतात. कायदा वऱ्हाडला लावल्याचा एक, आणि त्या जमातीला जाहीर केल्याचा दुसरा.

पैनगंगेच्या पलीकडे चित्र वेगळे आणि स्पष्ट आहे. नदी ओलांडली की निजामाचे राज्य. तिथे लमाणांवर, म्हणजे तेलंगणातल्या लंबाडांवर, गुन्हेगारीचा शिक्का कसा बसत गेला, हे भांग्या भुक्या यांनी २०१० च्या आपल्या ग्रंथात हैदराबादच्या दप्तरातून मांडले आहे. सोयरीक दोन्ही काठांवर, कायदे दोन. अलीकडच्या तांड्याला पलीकडच्या कायद्याची झळ लागली असेल का? लग्नाला, जत्रेला, बैलबाजाराला ये-जा होती, म्हणून लागली असणार असे मन म्हणते. मन म्हणते तेवढेच. कागद तसे म्हणत नाही.

अलीकडच्या काठाची सर्वांत विस्तृत नोंद रसेल आणि हिरालाल यांची. मध्य प्रांतातील जाती-जमातींवरचा त्यांचा चार खंडांचा ग्रंथ १९१६ साली लंडनला निघाला. तो प्रकाशित झालेला पाहणे रसेल यांच्या नशिबी नव्हते. ३० डिसेंबर १९१५ रोजी भूमध्य समुद्रात 'पर्शिया' ही आगबोट जर्मन पाणबुडीने बुडवली, तीत ते गेले. बंजाऱ्यांवरच्या लेखाच्या तळटीपेत त्यांनी साधने प्रामाणिकपणे सांगितली आहेत : कंबरलेज, मॅकेन्झी, गन्थॉर्प, आणि यवतमाळ व निमाड इथे गोळा केलेली माहिती. म्हणजे एवढ्या मोठ्या ग्रंथातल्या या लेखामागे दोन पोलिसी लेखण्या आहेत, आणि त्यांच्याशेजारी आपल्या जिल्ह्यातून गेलेली काही टिपणे. कोणी दिली ती, कुठल्या नायकाने, कुठल्या तांड्यावर, हे तळटीपेत नाही. मला तरी त्या चार शब्दांशी थबकायला होते.

रसेल १९११ च्या शिरगणतीचा आकडा देतात : वऱ्हाडात सुमारे ८०,००० बंजारा, मध्य प्रांतात सुमारे ५६,०००. शीर्षकातच मात्र त्यांनी बंजारा, वंजारी, लभाना अशी नावे एका ओळीत घातली. आजच्या महाराष्ट्राच्या यादीत वंजारी वेगळे, भटक्या जमाती (ड) मध्ये. जुन्या रजिस्टरात 'वंजारी' लिहिलेला माणूस कोण, हा पडताळणी समित्यांपुढचा वाद या एका ओळीतून जन्मला असे मी म्हणणार नाही. पण त्या काळच्या लिहिणाऱ्याला दोन्ही नावे एकच वाटत होती याचा हा ढळढळीत पुरावा आहे. तेव्हा ८०,००० हा आकडाही वापरताना हात आखडता घ्यावा.

आता सुटकेचे कागद. मुंबई इलाख्यात क. मा. मुन्शी गृहमंत्री असताना १९३७ साली चौकशी समिती नेमली गेली, १९३९ मध्ये तिचा अहवाल आला, आणि १९४९ च्या ऑगस्टमध्ये मुंबईने कायदा रद्द केला. महाराष्ट्रातल्या लेखनात १९४९ हे साल अनेकदा सगळ्या राज्यासाठी वापरले जाते. दिग्रसला ते लागू पडत नाही. १९४९ साली दिग्रस मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, २६ जानेवारी १९५० पासून मध्य प्रदेशात. मुंबई राज्यात ते आले १ नोव्हेंबर १९५६ ला. म्हणून दिग्रसच्या बाबतीत धरायची ती तारीख केंद्राची. अनंतशयनम अय्यंगार यांच्या अध्यक्षतेखालची समिती १९४९ मध्ये नेमली गेली, तिच्या अहवालानंतर १९५२ चा चोविसावा कायदा झाला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गुन्हेगार जमाती कायदा देशातून गेला. हा रद्द करणारा कायदा अगदी त्रोटक आहे. जुना कायदा रद्द, एवढेच तो सांगतो. ज्यांची सुटका झाली त्यांना यापुढे काय म्हणायचे, हे त्यात नाही. नावाची जागा रिकामी राहिली.

या रिकाम्या जागेतच दिग्रस येते. बंजारा समाजाच्या लेखनात १९५३ च्या दिग्रस अधिवेशनाचा उल्लेख वारंवार येतो. देशभरातले बंजारा कार्यकर्ते इथे जमले, अखिल भारतीय बंजारा सेवा संघाच्या उभारणीशी हे अधिवेशन जोडले जाते, आणि त्यामागचे प्रमुख नाव वसंतराव नाईक यांचे. नाईक शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे. १९५२ च्या निवडणुकीत ते पुसदहून तेव्हाच्या मध्य प्रदेश विधानसभेत गेले होते. ठिकाणाची निवड समजण्यासारखी आहे. दिग्रस बाजारपेठेचे गाव, भोवती तांडे, आणि सेवालाल महाराजांची समाधी असलेले पोहरादेवी जवळच. वेळेची निवड अधिक बोलकी वाटते. ३१ ऑगस्ट १९५२ नंतर जेमतेम वर्ष उलटते न उलटते तोच हे अधिवेशन. कायदा गेल्यामुळे ते भरले, असे म्हणायला पुरावा नाही. निवडणूक नुकतीच झाली होती, आमदार आपला होता, हे कारणही तितकेच सबळ आहे. पण अधिवेशनाच्या मांडवाचे नाव तरी पाहा : बंजारा. 'माजी गुन्हेगार' नाही, 'विमुक्त'ही नाही. सुटकेनंतरच्या पहिल्या मोठ्या मेळाव्यात लोक स्वतःच्या नावाने जमले.

सरकारी कागद मात्र नाव शोधत होते. काकासाहेब कालेलकर यांच्या मागासवर्ग आयोगाने १९५५ च्या अहवालात सुचवले की या समाजांना 'गुन्हेगार' किंवा 'माजी गुन्हेगार' ही विशेषणे लावू नयेत, त्यांना नुसते 'अधिसूचना काढून घेतलेले समाज' अशा अर्थाच्या इंग्रजी नावाने ओळखावे. हे नाव कागदाचे आहे : राजपत्रातली अधिसूचना मागे घेतली, एवढाच त्याचा आशय. हिंदी आणि मराठी कारभाराने त्याचा शब्दशः उतारा न करता 'विमुक्त' घेतला. इंग्रजी नावात कागद मागे जातो, 'विमुक्त' म्हटले की माणूस सुटतो. हा फरक किरकोळ नाही, कारण सुटलेल्या माणसाविषयी पुढचा प्रश्न उभा राहतो : आता त्याला काय देणार?

मराठीत हा शब्द आणला कोणी? सोलापुरात एक आठवण सांगतात. पंडित नेहरूंनी सेटलमेंटचे तारेचे कुंपण कापले आणि तिथल्या लोकांना विमुक्त म्हटले. साल बहुतेक १९६० दिले जाते. आठवणीचे मोल मोठे आहे, पण तारखांच्या रांगेत ती कुठे बसते पाहा. मुंबईचा कायदा १९४९ ला गेला, देशाचा १९५२ ला. १९६० साली कापलेली तार कायद्याने कोणालाच बांधत नव्हती. तो समारंभ होता, सुटकेचा हुकूम नव्हता. शब्दाला चेहरा आणि प्रसंग त्याने दिला असेल. शब्द घडवला असे मात्र त्यावरून ठरत नाही.

या समारंभाशेजारी १९५९ चा एक कागद ठेवावा लागतो. त्या वर्षी मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांविषयीचा एकत्रित कायदा केला, आणि विदर्भ तोवर त्या राज्यात आलेला असल्याने तो इथेही लागू झाला. त्याचा आधार जन्म नव्हता, ठरावीक मुदतीत वारंवार झालेली शिक्षा होती. हा फरक मोठा आहे, तो पुसू नये. पण नोंदवही, हजेरी, हद्दबंदी ही जुनी हत्यारे त्यातही होती. संशय कुठे टिकून राहिला ते फार उशिरा न्यायालयात आले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांच्या नियमावल्यांतील जातिभेद रद्द ठरवला, तेव्हा विमुक्त समाजांना 'सराईत' समजणाऱ्या तरतुदीही न्यायालयापुढे होत्या. राज्यांना नियमावल्या सुधारायला तीन महिने दिले गेले.

आणि मग मूळ कागद. थाडे समितीच्या शिफारशींनंतर महाराष्ट्र शासनाने २१ नोव्हेंबर १९६१ च्या निर्णयाने चौदा विमुक्त जाती आणि अठ्ठावीस भटक्या जमाती मान्य केल्या. चौदांत बेरड, भामटा, कैकाडी, कंजारभाट, रामोशी, वडार, छप्परबंद आहेत; बंजारा सातव्या क्रमांकावर. वसंतराव नाईक तेव्हा मंत्रिमंडळात महसूलमंत्री होते. त्यांचा हात यादीत किती, याचा अंदाज करायचा मोह होतो, आवरावा. यादी समितीच्या नावाने आली आहे.

या यादीचा बारकाईने विचार केला की शब्दाचे काय झाले ते दिसते. 'विमुक्त' १९५२ पर्यंत ज्या त्या ठिकाणी अधिसूचित असलेल्यांना लागू पडणारा शब्द होता. १९६१ मध्ये तो राज्यभर एका जातीच्या नावाला चिकटला. सोलापूरचा, जळगावचा आणि दिग्रसचा बंजारा एका क्रमांकाखाली आला, पणजोबांनी हजेरी दिली होती की नाही हे न विचारता. याच्या उलटे उदाहरण यवतमाळ जिल्ह्यातच आहे. कैकाडी हे विमुक्तांच्या यादीतले ठळक नाव, 'उपरा'कार लक्ष्मण माने यांच्यामुळे मराठी वाचकाला परिचित. पण यवतमाळ, अमरावती, अकोला, बुलढाणा, वर्धा, नागपूर, भंडारा आणि राजुरा वगळून चंद्रपूर, एवढ्या भागातला कैकाडी विमुक्त नाही. तो अनुसूचित जातींत आहे. फलटणचा कैकाडी विमुक्त आणि दिग्रसचा अनुसूचित जातीचा. बंजारा मात्र दोन्हीकडे विमुक्त. हजेरीची हद्द एक आणि शब्दाची हद्द दुसरी.

२०२५ मध्ये हैदराबाद गॅझेटचा आधार घेऊन बंजारा समाजाने अनुसूचित जमातीत समावेशाची मागणी जोराने मांडली, तेव्हा हीच पैनगंगा पुन्हा आडवी आली. तेलंगणातला लंबाडा १९७६ च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जमातीत आहे, कर्नाटकातला लमाणी अनुसूचित जातीत, महाराष्ट्रातला बंजारा विमुक्त. मागणीचा निवाडा इथे करायचा नाही. साधनांपुरते एवढे म्हणता येते, की मराठवाड्यातल्या तांड्याला जो हैदराबादी कागद उपयोगी पडेल तो दिग्रसबद्दल काही सांगणार नाही, कारण १८५३ नंतर दिग्रस त्या दप्तरात नाहीच. त्याचे कागद आधी वऱ्हाडच्या, मग नागपूरच्या दप्तरात.

दाखल्यावरचा शब्द १९६१ चा निर्णय सिद्ध करतो. १८७१ ते १९५२ या काळाविषयी तो साक्ष देत नाही. ती साक्ष मध्य प्रांत व वऱ्हाडच्या राजपत्रातून काढावी लागेल, आणि वर म्हटलेले दोन्ही कागद तिथेच शोधावे लागतील. माझा अंदाज असा की पूर्ण जमात जाहीर झालेली दिसणार नाही. दिसलीच तर एखाद्या हद्दीपुरती किंवा टोळीपुरती, कारण कायद्यातच टोळी आणि वर्ग वेगळे जाहीर करण्याची सोय होती. अंदाज खोडून काढणारी एक अधिसूचना पुरेल. शोधणाऱ्याने सुरुवात १९११ पासून करावी, आणि जिल्ह्याचे नाव इंग्रजी सूचीत 'यवतमाळ' असे नव्हे, तर 'येवतमाळ' अशा जुन्या वळणाने पाहावे.